घळीतून ओ आली

१

नवस बोलायचीसुद्धा रीत असते, अंतरा. आधी देवाचं नाव, मग ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव, आणि मग आपण काय करणार ते. नावं स्वच्छ घ्यायची, पुटपुटायचं नाही. नाशिकला आईनं हे इतक्या लहानपणी शिकवलं की कुणी शिकवलंय हेच मी विसरून गेले होते. इथे दोह्यात आल्यावरही माझं काही सुटलं नाही. बाल्कनीतल्या कुंडीत दुर्वा वाढवून संकष्ट्या केल्या. आंब्याची पानं मिळेनात म्हणून कलशात विड्याची पानं ठेवून सत्यनारायण केला. तू खालच्या मजल्यावर राहायला आलीस, तेव्हा माझी ओळखही तुला कुणीतरी अशीच करून दिली होती ना, ‘त्या वरच्या उपासवाल्या विभावरीताई’?

पण एक नवस मी देवघरासमोर बसून बोलले नाही. भर उन्हात, पायात बूट, डोक्यात वाळू, अशी एका दगडी घळीच्या तोंडाशी उभी राहून बोलले.

‘आमच्या ह्यांना परत पाठव. मी तुला कधी उपाशी ठेवणार नाही.’

एवढंच. त्यात देवाचं नाव नव्हतं. ह्यांचंही नव्हतं.

तो नवस मी अजून पाळते आहे. रविवारी आमचं विमान आहे, म्हणून आज तुला बसवून सगळं सांगते. मध्येच प्रश्न विचारू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल. चहा घे. हे खाली पार्किंगमध्ये खोकी बांधतायत, इतक्यात वर येणार नाहीत.

२

गेल्या ऑक्टोबरात थुमामाचं स्टेडियम उघडलं आणि ह्यांच्या गळ्यातला फास सुटला. आतल्या गार हवेच्या डक्टचं काम ह्यांच्याकडे होतं. किती वर्षं शुक्रवारची सुट्टी म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. वर्ल्ड कप जगाचा असेल, आमच्या घरात मात्र तो पाहुण्यासारखा येऊन पाय पसरून बसला होता.

सुट्टी मिळाली तसे ह्यांनी माळ्यावरून जुने बूट काढले. लग्नाआधी हे सह्याद्री पायाखाली घालायचे. भंडारदऱ्याकडच्या जंगलात पावसाळ्यात वाट चुकून रात्रभर एका गुहेत बसले होते, ती गोष्ट तर आमची ईरा बाळ होती तेव्हापासून ऐकत आलीय. आता अकरावीत गेली, तरी गोष्ट सुरू झाली की ती म्हणते, “ओ गॉड, द केव्ह अगेन.”

ह्यांच्या ऑफिसातले गुरुप्रसाद शुक्रवारी सकाळी दहाबारा जणांना घेऊन झकरीतच्या वाळवंटात चालायला जात. जालिंदर बस आणायचे. जालिंदर बीडचे, एरवी कंपनीच्या बसमधून इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांची ने-आण करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “वहिनी, डोंगर बघाया निघालात म्हनं. कुठंयत डोंगर? आमच्या गावचा उकिरडा याच्याहून उंच आसतोय.”

“जालिंदर, उकिरड्यावर कोणी ट्रेकिंग करतं का?” हे म्हणाले.

“कोंबड्या करत्यात की, साहेब.”

सगळी बस हसली. हे सगळ्यात जास्त.

खोटं नव्हतं ते. डोंगर नाहीतच तिकडे. वाऱ्यानं खाल्लेल्या चुनखडीच्या ठेंगण्या टेकड्या, वरून सपाट, खालून पोखरलेल्या. त्यांच्यामधून एक घळ जाते. दोन्ही बाजूंना दीड-दोन माणसं उंचीची भिंत, आणि मधून वाळूची वाट. एका तोंडाशी उभं राहिलं की दुसऱ्या तोंडातून आकाश दिसतं. ना वळण, ना फाटा. लहान मूल सोडलं तरी हरवणार नाही.

मी सगळ्यांसाठी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी न्यायची, ह्यांच्यासाठी वेगळा पोह्यांचा डबा. तुला ठाऊक आहे ना, हे कढीपत्ता खात नाहीत. एकेक पान वेचून डब्याच्या झाकणात ओळीनं लावतात, कवायतीला उभं केल्यासारखं. लग्न झाल्यापासून मी त्यावरून बोलते आणि लग्न झाल्यापासून हे लावतात.

नवस बोलले त्या दिवशी पोहे खाता खाता ह्यांचा हात थांबला. मान तिरपी करून म्हणाले, “विभा, पाणी वाहतंय कुठेतरी.”

मी म्हटलं, “कान साफ करा.”

३

उन्हं चढायच्या आत परत फिरायचं ठरलं. बसपाशी आलो तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं की टोपी घळीतच राहिली.

“येतो पाच मिनिटांत,” म्हणाले आणि गेले. मी त्यांची पाठ आत शिरताना पाहिली. मग जालिंदरनं काहीतरी विचारलं म्हणून मान वळवली.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. गुरुप्रसाद घळीत शिरले आणि पलीकडून बाहेर पडले. पलीकडून शिरले आणि आमच्याकडे बाहेर पडले. त्यांचा चेहरा बघून बाकीचेही धावले. टेकडीवर चढले, खालच्या कपारींत वाकून पाहिलं. वाळूवर ह्यांच्या बुटांचे ठसे होते; घळीच्या साधारण मध्यापर्यंत होते. पुढे खडक लागतो, तिथे ठसे उमटतच नाहीत, असं मी स्वतःला बजावलं.

मग हाका सुरू झाल्या. सगळे ह्यांना नावानं हाका मारत होते. जालिंदर एरवी साहेब म्हणायचे, तेसुद्धा नाव घेऊन ओरडत होते. गुरुप्रसाद शिट्टी वाजवत होते. आणि मी “अहो! अहो!” करत होते. दुसरं मला येतच नाही, अंतरा. लग्नात उखाण्यात नाव घेतलं, बारशाला घेतलं, मंगळागौरीला सगळ्या हटून बसल्या म्हणून घेतलं. एरवी बँकेतसुद्धा मी कार्ड पुढे करते. सासूबाई सांगायच्या, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. माझा त्यावर विश्वास आहे की नाही हे मी कधी तपासलं नाही. नाव घेतलं नाही, इतकंच.

ऊन पांढरंफटक झालं. गुरुप्रसाद पोलिसांना फोन लावायला टेकडीवर रेंज शोधत होते. तेव्हा मी तोंडाशी उभी राहून ते बोलले, जे तुला आधी सांगितलं. आणि त्याच श्वासात पुन्हा हाक मारली.

“अहो!”

आणि घळीतून ओ आली.

ह्यांचीच ओ. स्वयंपाकघरातून हाक मारल्यावर बाहेरच्या खोलीतून येते, तशी, अर्धवट लक्ष असलेली. सगळ्यांनी हाका मारणं थांबवलं. कुणीतरी “देवा” म्हणालं. हे आतून सावकाश चालत आले. ज्या भागातून गुरुप्रसाद नुकतेच दोनदा गेले होते, त्याच भागातून. हातात टोपी.

“केवढ्यानं ओरडता,” म्हणाले. “आलो ना.”

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी नुसती हातात धरली. ओठ कोरडे नव्हते. घामही नव्हता.

बसमध्ये चढताना जालिंदर मागून म्हणाले, “साहेब, बूट झटका की, चिखल यायलाय आत.” आणि बोलून झाल्यावर स्वतःच बाहेरच्या कोरड्या वाळूकडे बघू लागले. मी खाली पाहिलं. पायरीवर काळ्या मातीचा ओला ठसा होता, आणि त्यात रुतलेलं अर्धं कुजलेलं पान.

४

ऊन लागलं होतं, असंच सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, सगळं उत्तम. “पन्नाशीला असं रक्त बघायला मिळत नाही,” म्हणाले.

आणि खरं सांगू, पहिले काही दिवस मी सुखात होते. हे बदलले ते चांगलेच बदलले. आवाज चढायचा बंद झाला. कधी देवघरात पाऊल न टाकणारे आरतीला येऊन उभे राहू लागले. टाळ्या अगदी तालात. आरतीचे शब्द मात्र म्हणायचे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघून ओठ हलवायचे. मला वाटलं, नवस फळला.

एकदा ईरा माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. “आई, बाबा इज बीइंग वीअर्ड.”

“काय झालं?”

“ही सेड थँक यू. फॉर द कारलं.”

मी हसले. मग हातातला झारा तसाच राहिला. कारल्याचा वास आला तरी ह्यांचं डोकं उठतं. मी ते माझ्यापुरतंच केलं होतं आणि ह्यांनी वाटी ओढून घेऊन संपवलं होतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवायला लागलं की दिसतंच, असंही मनाला समजावलं. फोनवर नाशिकहून माझे दीर ह्यांना नावानं बोलावत. फोन स्पीकरवर असे, आणि हे समोर बसून खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्याच कुणाला फोन आलाय. जालिंदर एकदा पार्सल द्यायला आले आणि थट्टेनं पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचून हाक मारली. हे दाराशेजारी उभे असूनही हलले नाहीत. पण मी आतून “अ—” एवढं म्हणायचा अवकाश, की “ओ”. कधीकधी मी हाक मारायची ठरवली आणि मारलीच नाही, तरी ओ आली.

एका शुक्रवारी दुपारी जेवून हे पलंगावर पडले होते. मी शेजारी बसले आणि अंगावरचं पांघरूण सारखं करता करता छातीवर कान टेकवला. ठोके होते. चांगले, एका लयीत. आणि त्यांच्या पाठीमागे, पुष्कळ लांबवर, दगडांवरून पाणी वाहत होतं. ऐकत राहिले तसे पाण्याच्याही पलीकडे रातकिडे सुरू झाले. घनदाट झाडीत पाऊस थांबल्यावर असतात तसे.

एसीचं पाणी पाइपातून जात असणार. मी उठून एसी बंद केला. खोली एकदम शांत झाली.

पुन्हा कान टेकवला. पाणी वाहतच होतं. हे डोळे न उघडता म्हणाले, “बरं वाटतं ना ऐकायला?”

५

नवस फेडायला मी पुढच्याच शुक्रवारी गेले होते. कुणाला सांगितलं नाही. डबा घेतला, तो कप्प्याचा स्टीलचा, तू पाहिलायस. वरणभात, बटाट्याची भाजी, दशमी, गुळाचा खडा. सगळे पुढे गेल्यावर घळीतल्या एका कोनाड्यात ठेवला, हात जोडले, आले. कोल्हा खाईल, मुंग्या खातील, कुणाच्या का पोटात जाईना, बोलल्याप्रमाणे अन्न पोचलं, असा माझा हिशेब.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी डबा तिथेच होता. घासलेला. मी घासते त्याहून लख्ख. झाकण नीट लावलेलं.

उचलला तर जड लागला.

अंतरा, शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. चमचाभर साखर तरी घालतो. तू माझं पातेलं परत करतेस तेव्हा त्यात दोन लिंबं असतात. हे इथल्या अरबांना कुठून ठाऊक, फिलिपिनो मुलींना कुठून ठाऊक, कोल्ह्याला तर कुठून ठाऊक? मी झाकण काढलं. आत जांभळं होती. टपोरी, गार, वर दव. महिना डिसेंबरचा आणि सभोवार नजर पोचेल तिथवर एक हिरवं पान नाही.

गुरुप्रसादांना विचारलं, तुम्ही ठेवलीत का? ते म्हणाले, “वहिनी, जांभळं? इथे? मला मिळाली असती तर मी डब्यात ठेवली असती का?” बरोबरच होतं.

आलेलं टाकून देता येत नाही. मी ती देवापुढे ठेवली. आम्ही मायलेकींनी हात लावला नाही. ह्यांनी येता-जाता एकेक तोंडात टाकून संध्याकाळपर्यंत वाटी संपवली. नंतर हसताना मी पाहिलं, जीभ जांभळी झाली नव्हती.

मग ते चालूच राहिलं. आपल्याकडून भरलेला डबा जायचा, तिकडून भरलेला यायचा. कधी हिरड्याची ओली पानं, कधी शेवाळ लागलेला गोटा, एकदा नुसती काळी भुसभुशीत माती, जिचा वास घरभर दोन दिवस राहिला. थांबावं असं मनात यायचं. पण डबा भरून आला की आपण परत भरून द्यायचाच, नाहीतर व्यवहार तुटतो. आणि व्यवहार तुटला तर परत पाठवलेलं माणूस… हा विचार मी पुरा करत नव्हते.

फेब्रुवारीत मी एकदा मुद्दाम कारल्याची भाजी दिली. का दिली, ते मला आजही सांगता येणार नाही. हात आपोआप कारल्याकडे गेला. बाकीच्या कप्प्यांत पोहे आणि दही.

डबा परत आला तो घासलेला नव्हता. पोहे संपले होते, दही पुसून खाल्लेलं होतं. कारलं जसंच्या तसं होतं. आणि झाकणात कढीपत्त्याची पानं होती. ओळीनं लावलेली. शेवटचं जरा तिरपं होतं, ते बोटानं सरळ केल्याचा दह्याचा पुसट डाग होता.

मी तिथेच वाळूत बसले. बाहेरून हे हाक मारत होते, “विभा, ये लवकर, सगळे खोळंबलेत.” आवाज अगदी मायेचा होता.

६

एप्रिलात उष्णता वाढली आणि गुरुप्रसादांनी चालणं बंद केलं. मी ह्यांना म्हटलं, मला एकदा घेऊन चला, नवस राहिलाय. कशाचा म्हणून त्यांनी विचारलं नाही. पहाटे निघालो. पक्क्या वाळूशी गाडी थांबवली आणि म्हणाले, “तू ये जाऊन. मी गाडीतच बसतो.”

गाडीपासून घळ बरीच लांब आहे. मी तीनदा मागे वळून पाहिलं. तिन्ही वेळा हे स्टिअरिंगमागे होते, काचेवर ऊन चमकत होतं.

घळीत शिरून ताजा डबा कोनाड्यात ठेवला, आणि आधी जाणवला तो गारवा. सकाळ आहे, सावली आहे, साहजिक आहे, असं म्हणत चालत राहिले. भिंतीला हात लावला तर हात ओला झाला. समोरच्या तोंडातलं आकाश दिसायला हवं होतं, तिथे वाट डावीकडे वळत होती.

त्या घळीला वळण नाही, हे मी तुला आधीच सांगितलंय.

मी वळले. पायाखाली वाळू मऊ होत गेली, मग तिचा आवाजच बंद झाला. हिरवट अंधार होता, भर पावसाळ्यात दाट झाडीखाली दुपारी असतो तसा. शेवाळलेले बुंधे. वरून थेंब पडत होते, एक माझ्या मनगटावर पडला. पाण्याचा आवाज आता लांबून येत नव्हता. मी ओळखला तो. कान टेकवून ऐकलेलाच.

आणि पुढे, दहाबारा पावलांवर, एका झाडाखाली एक माणूस उकिडवा बसला होता. माझ्याकडे पाठ. मानेवर केस वाढलेले, खांदे वाळून गेलेले. अंगात तोच निळा शर्ट, टोपी आणायला गेले त्या दिवशीचा. पाठीवर विटून पांढरा झालेला. घरच्या कपाटात तो शर्ट धुऊन इस्त्री करून मी स्वतः ठेवला होता. समोर माझा डबा. माणूस खात होता. मध्येच हात थांबायचा, काहीतरी वेचायचा आणि बाजूला ठेवायचा. पुन्हा खायचा.

मला रडू आलं नाही. आनंदच झाला, असं म्हटलं तर मला वेड लागलंय असं तुला वाटेल. जेवत होते. म्हणजे होते.

मी हाक मारली. जी येते तीच.

“अहो.”

समोरचा हात थांबला नाही. ऐकूच गेलं नसावं.

“ओ,” माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

हे माझ्या पाठीशी उभे होते. इतक्या जवळ, की पदराला त्यांचा शर्ट लागत होता. पावलं वाजली नव्हती, श्वास लागला नव्हता. तोंडावर तेच मायेचं हसू असणार. मी वळून पाहिलं नाही.

तेव्हा मला त्या दिवसाचा सगळा उलगडा झाला. झाला असं वाटलं, म्हणू. सगळे नावानं हाका मारत होते. त्या पोचतही असतील. हे वाट शोधत निघालेही असतील. आणि मध्येच मी ‘अहो’ म्हटलं. कुणाला म्हटलं? अहो म्हणजे कुणीही. कुणीतरी ओ दिली. ओ मिळाल्यावर सगळ्यांनी हाका मारणं थांबवलं.

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत उखाण्याशिवाय न घेतलेलं नाव. पहिलं अक्षर बाहेर पडलं.

झाडाखालच्या माणसानं मान वर केली.

आणि मागून एक तळवा हळूच माझ्या तोंडावर आला. गार, ओल्या सालीचा वास असलेला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“नवऱ्याचं नाव घेऊ नये गं,” म्हणाले. “आयुष्य घटतं.”

कुणाचं, ते सांगितलं नाही.

मी गप्प झाले. अंतरा, मी गप्प झाले. जन्मभराचं गप्प राहणं माझ्या कामाला येण्याऐवजी त्यांच्या कामाला आलं. समोरची मान वळू लागली होती, कानाची कड दिसली, गालाचं हाड दिसलं. मग माझ्या डोळ्यांवर ऊन आलं. घळ सरळ होती, पलीकडच्या तोंडात आकाश होतं, आणि कोनाड्यात डबा होता. मी उचलला. हातांना अजून कोमट लागत होता.

“चल,” हे म्हणाले. “गाडी तापेल.”

७

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच मला तिकडे नेतात, डबा ठेवेपर्यंत माझ्या पाठीशी उभे राहतात. गुरुप्रसादांना सांगून पाहिलं. हात जोडून म्हटलं, एकदा तिथे जाऊन हाक मारा. ते हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, सर तर त्या टेबलाशी बसून चहा पितायत.” जालिंदरनंही ते ऐकलं. त्यानंतर त्यांनी आमच्या घराचं पार्सल कधी वर आणलं नाही, खाली वॉचमनकडे ठेवू लागले.

आता ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. स्टेडियमं बांधून झाली, बांधणारी माणसं निघाली. ह्यांना जायची फार घाई आहे. बॅगा कधीच्या भरून ठेवल्यात. नाशिकला पोचलो की पहिल्या पावसात जंगलात जाऊ, म्हणतात, तुम्हा दोघींना सगळं दाखवीन. ईरा म्हणते, “आय डोन्ट वॉन्ट टू गो विथ हिम.” पहिल्यांदाच तिनं माझा हात धरला आणि मराठीत म्हणाली, “आई, बाबांना इथे सोडून जायचं का आपण?” कुठल्या बाबांबद्दल विचारतेय, ते मी विचारलं नाही. तिलाही कधी काही सांगितलं नव्हतं.

मला जावं लागणार. व्हिसा संपतोय, घर सोडायचंय, आणि पोरीला त्यांच्याबरोबर एकटीला पाठवू शकत नाही. मी तिच्या शेजारी असेन. उपास धरीन, दिवा लावीन, डोळ्यांत तेल घालून बसेन. माझी काळजी करू नकोस. काळजी आहे ती एवढीच की पुढच्या शुक्रवारी तिकडे जेवण जाणार नाही. जो माणूस माझ्या हातचं इतके महिने खातोय, तो डब्याची वाट बघेल.

तुझ्याकडे लायसन्स आहे, गाडी आहे, मन चांगलं आहे. तू वैभवलक्ष्मीचे शुक्रवार धरलेस, ते मी पाहिलेत. एकही मोडला नाहीस. तर माझा हा वसा तू घे. शुक्रवारी पहाटे चार घास जास्तीचे कर. भाजी कुठलीही चालेल, कारलं नको. ऊन चढायच्या आत जा, डबा कोनाड्यात ठेव, मागचा उचल. त्यात काही असलं तर घरात आणू नकोस, वाळूवर ओत आणि नमस्कार कर; व्यवहार माझा आहे, तुझा नाही.

मग तोंडाशी उभी राहून हाक मार. काका म्हणायची तुला सवय आहे, पण काका म्हणू नकोस. सर म्हणू नकोस, साहेब म्हणू नकोस. त्या हाकांना कोण ओ देईल सांगता येत नाही. दारावर पाटी आहे, त्यावरचं नाव घे, आडनावासकट घे, तुला घ्यायला काही आडकाठी नाही. आणि ओ आली म्हणून थांबू नकोस. चेहरा उन्हात येईपर्यंत, तोंड भाजलेलं, तहानलेलं, घामेजलेलं दिसेपर्यंत हाका मारत राहा.

आले तर आधी पाणी दे. गटागटा प्यायले, की समज तेच.

जिना वाजतोय. तू मानेनं नुसती हो म्हण, अंतरा. बोलू नकोस.